घनसावंगीच्या डोक्यावरचा बर्फ

११ फेब्रुवारी २०१८ हा रविवार होता. त्या दिवशी जालना जिल्ह्यात गारपीट झाली. काढणीला आलेला हरभरा, उभी ज्वारी, द्राक्षं, मोसंबी, सगळं झोडपून निघालं. त्याआधी २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर मराठवाड्याने पुन्हा पुन्हा गारा सोसल्या होत्या. घनसावंगी-अंबड हा मोसंबीचा पट्टा. इथं गारपीट म्हटली की तलाठी, पंचनामा आणि पीकविमा हेच शब्द पाठोपाठ येतात. विमानाची आठवण कुणालाच होत नाही, आणि व्हावी असंही काही नाही. पण रुग्णाला घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे झेपावणाऱ्या विमानाला कशाची भीती असते, हे समजून घ्यायला गारेइतका सोपा धडा दुसरा नाही.

लिंबाएवढी गार पडल्या पडल्या उचलून मधोमध चिरली, तर आत कांद्यासारखे पदर दिसतात. एक काचेसारखा आरपार, त्यावर एक दुधाळ, मग पुन्हा आरपार. दुधाळ पदर बनतो तो ढगाच्या खूप थंड भागात. तिथं पाण्याचा थेंब गारेला टेकताक्षणी गोठतो, हवा आत कोंडली जाते आणि बर्फ पांढरा दिसतो. आरपार पदर बनतो तो शून्याच्या जरा खाली, पाणी भरपूर असलेल्या भागात. तिथं थेंब आदळल्यावर आधी पसरतो, हवेला निसटायला वेळ मिळतो आणि मग तो गोठतो. विमानाच्या पंखावर जमणाऱ्या बर्फाचेही नेमके हेच दोन मुख्य प्रकार आहेत. दुधाळ बर्फ खरखरीत असतो, पण पंखाच्या पुढच्या कडेलाच थांबतो आणि डोळ्यांना चटकन दिसतो. काचेसारखा बर्फ जड असतो, मागे पसरत जातो आणि दिसता दिसत नाही. वैमानिक जास्त घाबरतात ते त्याला.

गार असो की पंख, दोन्हीकडे कच्चा माल एकच: शून्याच्या खाली जाऊनही न गोठलेलं पाणी. पाणी शून्य अंशाला गोठतं हे शाळेत शिकवतात, ते भांड्यातल्या पाण्यापुरतं ठीक आहे. ढगातल्या बारीक, स्वच्छ थेंबाला गोठायला सुरुवात करून देणारा कण लागतो. तो मिळाला नाही तर थेंब उणे दहा, उणे वीस अंशांतही पाणीच राहतो. उणे चाळीसच्या आसपास मात्र त्याचा नाइलाज होतो. अशा थेंबांच्या ढगात ताशी चारशे-पाचशे किलोमीटर वेगाने एखादा पंख घुसला, की थेंबांना हवा तो आधार आयता मिळतो.

‘पण मराठवाड्यात कसला आलाय बर्फ?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर हिशेबात आहे. वर जाताना हवा दर हजार फुटांना साधारण दोन अंशांनी थंड होते, उन्हाळ्याच्या दुपारी खालच्या थरात याहूनही झपाट्याने. म्हणजे घनसावंगीत रस्त्यावरचं डांबर पाघळत असतं, तेव्हाही सोळा-सतरा हजार फुटांवर, गावापासून सरळ वर पाचेक किलोमीटरवर, शून्य अंश असतात. पावसाळ्यातही ही रेषा सोळा ते अठरा हजारांच्या दरम्यानच असते. हिवाळ्यात ती दोन-तीन हजार फूट खाली उतरते.

उष्ण प्रदेशावरून उडताना वैमानिकांना बर्फाचा विसर पडणं किती महाग जातं, याचं एक उदाहरण सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचं आहे. २४ जुलै २०१४ रोजी बुर्किना फासोहून अल्जीरियाला निघालेलं एअर अल्जेरीचं विमान मालीमध्ये कोसळलं आणि ११६ जण गेले. वादळी ढगांच्या कडेने जाताना बर्फाच्या स्फटिकांनी इंजिनांच्या पुढच्या टोकावरचे दाब मोजणारे संवेदक बुजले, चुकीचे आकडे मिळाल्याने स्वयंचलित यंत्रणेने इंजिनांची ताकद कमी केली आणि विमानाचा वेग ओसरला. इंजिनांना बर्फापासून वाचवणारी यंत्रणा विमानात होती, पण ती सुरूच केलेली नव्हती. खाली जमीन तापलेली असली की वरच्या गारठ्याकडे दुर्लक्ष होतं, ते असं.

आपल्याकडच्या ढगांत हे गोठायचं राहिलेलं पाणी खरोखर असतं, हे कुणी वर जाऊन पाहिलंय का? पाहिलंय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९पासून ‘कायपीक्स’ या प्रकल्पात उपकरणं लावलेली विमानं थेट ढगांत नेली आणि शून्याखालचं द्रवरूप पाणी मोजलं. याच प्रकल्पाचा पुढचा टप्पा २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात सोलापूरहून पार पडला. त्यासाठी वापरलेली विमानं बीचक्राफ्ट किंग एअर बी-२०० जातीची होती, आणि भारतात एअर अॅम्ब्युलन्स म्हणून जी विमानं सर्रास वापरली जातात त्यांत हीच जात आहे. कृत्रिम पावसासाठी २०१५ आणि २०१९ मध्ये चिकलठाण्याहूनही विमानं उडाली. उंच ढगात सिल्व्हर आयोडाइड फवारायचं असेल, तर त्या वैमानिकाला शून्याखालचं पाणी शोधत जावं लागतं, कारण ते रसायन त्याच पाण्यावर काम करतं. रुग्ण घेऊन जाणाऱ्या वैमानिकाला त्याच पाण्यापासून लांब राहायचं असतं.

आता रुग्णाकडे येऊ. घनसावंगी तालुक्यात रात्री अपघात झाला, तर १०८ची गाडी येते. राज्यात ही सेवा २०१४च्या जानेवारीत ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. ग्रामीण रुग्णालय, तिथून जालना, तिथून छत्रपती संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय किंवा एखादं खासगी रुग्णालय, हा नेहमीचा रस्ता. शंभराच्या आसपास किलोमीटर. त्यापुढे मुंबईला हलवायचं ठरलं आणि घरच्यांची ऐपत असली किंवा गावाने वर्गणी काढली, तरच विमानाचा विषय निघतो. ते बहुधा बाहेरून, रिकामं येतं. चिकलठाणा ते मुंबई हे हवाई अंतर २८० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पाऊण तासाचा प्रवास. इतक्या छोट्या पल्ल्यात विमानाला फार उंच जाण्यात तसाही फायदा नसतो. त्यात रुग्णाची अट येते, आणि खरी गाठ बसते ती इथं.

विमान वर गेलं की आतल्या हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखावा लागतो, पण तो अमर्याद राखता येत नाही. किंग एअर बी-२००चं धड आत-बाहेरच्या दाबात दर चौरस इंचाला साडेसहा पौंडांचा फरक सोसू शकतं. पंचवीस हजार फुटांवर पूर्ण ताकद लावली, तरी आतली हवा साडेपाच हजार फुटांवरची असते. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरची. धडधाकट माणसाला काही जाणवणारही नाही. पण ज्याच्या छातीत, फुप्फुसाबाहेर, हवा साठली आहे त्याला जाणवतं. जालन्याची हवा दोन-एक हजार फुटांची. तिथून कळसूबाईवर गेलं की शरीरात कोंडलेली हवा पंधरा-एक टक्क्यांनी फुगते. अडलेलं आतडं, कवटीत शिरलेली हवा, डोळ्याची जखम, यांनाही हाच नियम लागू. म्हणून डॉक्टर सांगतात, आतला दाब जमिनीवर होता तेवढाच ठेवा.

मान्य करायला काही हरकत नाही. फक्त गणित करून पाहावं. जमिनीवर, चिकलठाण्याला, दाब दर चौरस इंचाला १३.७ पौंड. त्यातून साडेसहा वजा केले तर उरतात ७.२. बाहेर एवढा दाब असतो अठरा हजार फुटांच्या आसपास. म्हणजे डॉक्टरांची अट पाळायची तर विमान अठरा हजारांच्या वर नेता येत नाही. आणि पावसाळ्यात अठरा हजार फुटांवर तापमान असतं शून्याच्या दोन-तीन अंश खाली. पाणी सर्वांत जास्त आणि काचेसारखा बर्फ धरण्याची शक्यताही सर्वांत जास्त, तीच ही उंची. किंग एअर सी-९० हे धाकटं विमान असेल, तर त्याचा दाबफरक पाच पौंडांच्या आसपास. मग मर्यादा चौदा हजारांच्याही खाली येते. पावसाळ्यात ती शून्य रेषेच्या खालीच राहते, म्हणजे बर्फाच्या दृष्टीने बरंच. पण फेब्रुवारीत, गारपिटीच्या दिवसांत, रेषाच खाली आलेली असते.

प्रवासी विमान बर्फाच्या या पट्ट्यातून चार-पाच मिनिटांत वर निघून जातं. एअर अॅम्ब्युलन्सला रुग्णासाठी तिथंच मुक्काम करायची वेळ येऊ शकते.

म्हणून माझं असं मत आहे की विमानाला बर्फापासून वाचवण्याचं काम अतिदक्षता विभागातल्या खाटेपाशी सुरू होतं. छातीतली हवा काढायला नळी उड्डाणाआधीच टाकली असेल, तर फुगायला कोंडलेली हवाच उरत नाही, आणि अठरा हजारांची अट बरीच सैल होते. वैमानिकाला ढग टाळायला आणखी सात-आठ हजार फूट मोकळे मिळतात. श्वासनलिकेतल्या नळीचंही तसंच. ती नळी जागेवर राहावी म्हणून तिच्या टोकाला एक छोटा फुगा असतो, हवेने भरलेला. वर गेल्यावर तो फुगून श्वासनलिकेच्या भिंतीवर दाबतो. सोबतचा डॉक्टर हातातल्या दाबमापकाने चढताना तो तपासत गेला आणि जास्तीची हवा सोडत राहिला, की हाही अडसर संपतो. फार वेळ न खाणारी कामं. घाटीतल्या निवासी डॉक्टरला आपण विमानाची उंची ठरवतोय हे ठाऊकही नसेल.

एवढं करूनही विमान बर्फात सापडलं, तर? बर्फाच्या वजनाने विमान पडतं असा सर्वसाधारण समज आहे. वजन हा त्यातला लहान भाग. खरा घात पंखाचा आकार बिघडल्याने होतो. पंखाच्या पुढच्या कडेवर आणि वरच्या अंगावर मध्यम-जाड पॉलिशपेपरइतका खरखरीत थर जमला, तरी पंखाची उचल ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा अडथळा ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. पॉलिशपेपर! इंचभर थराची गरजच नाही.

किंग एअरच्या पंखांच्या आणि शेपटीच्या पुढच्या कडांवर काळे रबरी पट्टे चिकटवलेले असतात. वैमानिक त्यांना ‘बूट’ म्हणतात. कळ दाबली की इंजिनातून आलेली दाबाची हवा त्यांत भरते, पट्टे क्षणभर फुगतात, वरचा बर्फ तडकतो आणि वाऱ्याने उडून जातो. ही युक्ती जवळपास शंभर वर्षांची आहे. गुडरिच या टायरवाल्या कंपनीतून निवृत्त झालेले विल्यम गीअर नावाचे अमेरिकन रसायनतज्ज्ञ १९३०च्या सुमारास तिच्या मागे लागले होते. पंख्याच्या पात्यांना विजेची ऊब दिलेली असते. वेग मोजणारी पिटो नळी, समोरची काच, पंख हवा सोडतोय याची सूचना देणारी पट्टी, यांनाही ऊब. इंजिनाच्या तोंडाशी एक सरकती पाटी असते. ती पुढे केली की आत येणाऱ्या हवेला अचानक वळावं लागतं. हवा वळते, जड थेंब आणि बर्फाचे कण सरळ जाऊन बाहेर पडतात. ही पाटी शून्य अंशाची वाट न पाहता, ढगात किंवा पावसात तापमान पाच अंशांवर आलं की लावायची असते, कारण इंजिनाच्या तोंडात शिरताना हवा आणखी थंड होते.

रबरी पट्ट्यांबद्दल एक समज वैमानिकांच्या पिढ्यांनी जपला. बर्फ पाव ते अर्धा इंच जाड होऊ द्या, मगच पट्टे फुगवा. घाई केलीत तर बर्फाची कमान तयार होईल आणि आतल्या आत पट्टा फुगून उपयोग होणार नाही. जुन्या, सावकाश फुगणाऱ्या पट्ट्यांबाबत त्यात तथ्य असेलही. पण अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २००८च्या डिसेंबरमध्ये स्पष्ट इशारा दिला की अशी वाट पाहू नका, बर्फाळ ढगात शिरताच पट्टे सुरू करा. गुरूकडून शिष्याकडे तोंडी गेलेली विद्या अशी सहजासहजी पुसली जात नाही.

दुसरी खबरदारी वेगाची. बी-२००ला बर्फात १४० नॉटच्या, म्हणजे ताशी २६० किलोमीटरच्या खाली येऊ द्यायचं नसतं. वेग घटला की विमान नाक वर करून उडतं, मग थेंब पंखाच्या खालच्या बाजूला, जिथं रबरी पट्टा नाही तिथं बसू लागतात. आणि तिसरी खबरदारी ऑटोपायलटची. बर्फ वाढत जातो तसतसा ऑटोपायलट गुपचूप सुकाणू वळवून तोल सांभाळत राहतो. त्याच्या हाताबाहेर गेलं की तो सुटतो, आणि बिघडलेलं विमान एका क्षणात माणसाच्या हाती येतं.

३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत रोझलॉन गावाजवळ हेच झालं. एटीआर-७२ विमान शिकागोला उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत घिरट्या घालत होतं. ढगातले थेंब नेहमीपेक्षा मोठे होते. ते रबरी पट्ट्यांवर न थांबता मागे वाहत गेले आणि पट्ट्यांच्या पलीकडे बर्फाचा बांध उभा राहिला. ऑटोपायलट सुटला, विमान उलटलं. ६८ माणसं गेली. तोवरचे प्रमाणपत्राचे नियम केसाच्या जाडीहून बारीक थेंब गृहीत धरून लिहिलेले होते. मोठ्या थेंबांसाठी अमेरिकेने वेगळे नियम केले ते २०१४ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, आणि तेही नव्याने प्रमाणित होणाऱ्या प्रवासी वाहतुकीच्या विमानांपुरते. आज उडणाऱ्या किंग एअरना ते लागू नाहीत. ‘या विमानाला बर्फात उडण्याचं प्रमाणपत्र आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्याचा अर्थ हवा त्या ढगात हवा तेवढा वेळ असा होत नाही. बर्फ लागल्यावर तिथून बाहेर पडायला थोडी सवड मिळते, एवढाच होतो.

घिरट्यांच्या बाबतीत मात्र एअर अॅम्ब्युलन्सचं नशीब बरं आहे. उड्डाणाच्या आराखड्यात रुग्णसेवेची खूण भरलेली असते, त्यामुळे मुंबईच्या गर्दीतही तिला आधी वाट मिळते. पण या अग्रक्रमाची दुसरी बाजूही आहे. सगळेच घाईत असतात. विमानतळ घाईत, रुग्णालय घाईत, नातेवाईक रडकुंडीला आलेले. अशा वेळी वैमानिकाला ‘आत्ता नको’ म्हणणं जड जातं.

२५ मे २०११च्या रात्री पाटण्याहून दिल्लीला रुग्ण घेऊन निघालेलं पिलाटस पीसी-१२ हे एका इंजिनाचं विमान फरीदाबादच्या वस्तीवर कोसळलं. विमानातले सात आणि घरातल्या तिघीजणी, असे दहा जीव गेले. तो अपघात बर्फाचा म्हणता येत नाही. हवामानाचा तडाखा, नियंत्रणं हाताळण्यातली चूक, वैमानिकाचा दिशाभ्रम किंवा तिन्ही मिळून, असं संभाव्य कारण चौकशीत नोंदवलं गेलं. पण रात्र, वादळी ढग आणि वाट पाहणारा रुग्ण हे त्रिकूट बर्फाच्या बाबतीतही तेच असतं.

यावर जगात अनेक ठिकाणी दोन साधे नियम वापरतात. पहिला असा की उड्डाण करायचं की नाही हे ठरवताना वैमानिकाला रुग्णाविषयी काही सांगायचंच नाही. मूल आहे की म्हातारा, शुद्धीत आहे की नाही, काही नाही. फक्त कुठून कुठे, किती वजन आणि किती उंचीची मर्यादा. हवामान बघून त्याने हो किंवा नाही म्हणायचं. दुसरा नियम असा की निघायला वैमानिक, डॉक्टर आणि परिचारक या सर्वांचा होकार लागतो, थांबायला कुणाही एकाचा नकार पुरतो. पहिला नियम ऐकायला निर्दयी वाटतो. पण सहा वर्षांच्या पोराचा फोटो दाखवल्यावर ढगांच्या रडारचित्रातला लाल ठिपका जरा फिकट दिसू लागतो, हे माणसाच्या स्वभावातच आहे. शिवाय विमानातलं रडार पावसाचे थेंब आणि ओल्या गारा पाहतं; गोठायचे राहिलेले बारीक थेंब त्याला जवळजवळ दिसतच नाहीत. पडद्यावर काही नाही म्हणजे ढगात काही नाही, असं नव्हे.

हेलिकॉप्टर का नाही, असंही लोक विचारतात. ते गावाजवळ उतरू शकतं हे खरं. पण रुग्णसेवेला वापरल्या जाणाऱ्या बहुतेक लहान हेलिकॉप्टरना बर्फात उडायची परवानगीच नसते. सुदैवाने मराठवाड्यावर ती शून्य रेषेच्या खूप खालून उडतात. त्यांची अडचण कमी दृश्यमानता आणि वादळी वारा ही.

मराठवाड्यातला वळीव आणि गारपीट यांची एक बरी बाजू म्हणजे एकेका गडगडाटी ढगाचं आयुष्य सहसा तासाभराचं असतं. ढगांची रांग असली तर अधिक. तेव्हा दोन तास थांबणं हा बहुतेक वेळा खराखुरा पर्याय असतो, आणि तेवढ्यात छातीतली नळी, रक्त, रक्तदाब हे सगळं मार्गी लावता येतं. नातेवाइकांनी विमान कंपनीला विचारायचे प्रश्न त्यामुळे थोडेच आहेत. कुठलं विमान पाठवणार? वैमानिक दोन आहेत ना? आमच्या डॉक्टरांचं आणि वैमानिकाचं उंचीबद्दल बोलणं झालं का? आणि हवामानामुळे वैमानिकाने उड्डाण पुढे ढकललं किंवा रद्द केलं, तर आगाऊ भरलेल्या पैशांचं काय? हा शेवटचा प्रश्न व्यवहाराचा वाटतो, पण रात्री दोन वाजता धावपट्टीवर उभं राहून वैमानिकाच्या अंगावर ओरडणाऱ्या माणसाच्या डोक्यात पुष्कळदा तोच असतो. त्याचं उत्तर पैसे भरण्याआधी लेखी घेऊन ठेवावं.